आमच्या घरात सगळे इंटेलिजन्सवाले, मी सोडून

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, नमस्कार. मी नागपुरात नंदनवनला राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. घरी ब्लाउज शिवते. आमचे हे पोलिसात आहेत, गेल्या वर्षीपासून इंटेलिजन्सला. जाऊबाईंचा मुलगा इंजिनीअरिंग करून राहिला, आर्टिफिशियल इंटेलिजन्स घेऊन. माझ्या मुलाला यंदा शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, त्यात बुद्धिमत्ता चाचणी असते. तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, आम्ही सगळे महाल भागातल्या घरी जमलो होतो. भाऊजी म्हणाले, "आपल्या घरात जिकडं पाहा तिकडं इंटेलिजन्स, फक्त वहिनीलेच मिळालं नाही." सगळे हसले. हेही हसले. मीसुद्धा हसले. घरी येऊन रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यात मुलाच्या ट्यूशनमध्ये एक जण येऊन गेले. दहाही बोटांचे ठसे घेऊन मुलाची कोणती इंटेलिजन्स किती टक्के ते सांगतात. साडेचार हजार रुपये. करावं का? मला त्याला शिकवायची भीती वाटते, माझ्यासारखा राहील म्हणून. घडीच्या कागदाचे प्रश्न (दुमडलेल्या कागदाला भोक पाडलं तर उघडल्यावर किती दिसतील, असले) त्याला जमत नव्हते, तर मी अस्तराच्या तुकड्याला घड्या घालून, कापून दाखवलं, मग जमले. पण एका प्रश्नात मला उत्तर चार येतं आणि गाईडच्या मागे दोन दिलं आहे. फोटो पाठवते. म्हणजे माझंच चुकत असेल. ताई, इंटेलिजन्स म्हणजे नेमकं काय? आणि ते माझ्यात खरंच नाही का?

नंदनवनची एक

प्रिय मैत्रिणी,

साडेचार हजार रुपये आधी वाचवू, शब्दाचं मग बघू.

ते ठसेवाले जे विकतात त्याला डीएमआयटी म्हणतात. बोटांवरच्या रेघांचं मेंदूशी नातं जोडायचं आणि मूल गणितात इतके टक्के, संगीतात तितके टक्के असा रंगीत अहवाल फाइलमध्ये घालून द्यायचा, असा तो धंदा. या रेघा बाळ पोटात असताना तिसऱ्या महिन्याच्या आसपास उमटायला लागतात आणि जन्माआधीच पक्क्या होतात. त्यांच्यावरून कोणाची बुद्धी मोजता येते याला शास्त्रात आधार नाही. तुम्ही तर पोलिसाच्या घरातल्या. ठशांवरून माणूस कोण ते कळतं, कसा ते नाही, हे तुमच्या यजमानांना विचारा, ते एका वाक्यात सांगतील. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ साली आपल्याच देशात, कोलकात्यात सुरू झालं. तिथल्या लोकांनी ठशांवरून गुन्हेगार ओळखले. "हा पोरगा भूमितीत कच्चा आहे" असं काही त्यांना त्या रेघांत दिसलं नाही.

अहवालावर 'मल्टिपल इंटेलिजन्स' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणून आईबापांना ते भारदस्त वाटतं. हे शब्द हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे. बुद्धी एकच नसून भाषेची, गणिताची, आकार आणि जागा ओळखण्याची, संगीताची, शरीराच्या हालचालींची, दुसऱ्याला समजण्याची आणि स्वतःला समजण्याची अशा सात तऱ्हांची असते, असं त्यांनी १९८३ साली मांडलं. शिक्षकांना ते फार आवडलं. मानसशास्त्रातल्या अनेकांना पटलं नाही, त्यांचं म्हणणं असं की हे सात कप्पे वेगवेगळे असल्याचा पुरावा पुरेसा नाही. तो वाद चालू दे. आपल्यापुरतं एवढंच की त्या सगळ्या मांडणीत बोटांचे ठसे कुठेच नाहीत. नाव एकाचं, दुकान दुसऱ्याचं.

आता तान्हा पोळा.

भाऊजींचा विनोद नीट उलगडून पाहिला तर त्यात एकाच शब्दाच्या तीन पुड्या आहेत आणि तिन्हींत माल वेगळा आहे. तुमचे यजमान 'इंटेलिजन्सला' आहेत. पुतण्या 'इंटेलिजन्स' शिकतो. मुलाला 'इंटेलिजन्स'ची चाचणी आहे. इंग्रजीत हा एकच शब्द तिन्हीकडे खपतो, म्हणून भाऊजींना गंमत सुचली. मराठीत तोच विनोद करून बघा: "आपल्या घरात एक जण गुप्तवार्तेत, एक जण संगणकात, एक जण शिष्यवृत्तीच्या अभ्यासात, फक्त वहिनीलेच मिळालं नाही." काय मिळालं नाही? विनोद तिथंच बसतो.

यजमानांपासून सुरू करू. पोलिसातलं इंटेलिजन्स म्हणजे डोकं नव्हे, बातमी. इंग्रजीत हा अर्थ जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'लेटेस्ट इंटेलिजन्स' असा मथळा असायचा आणि त्याखाली ताज्या बातम्या. 'शिपिंग इंटेलिजन्स'खाली कोणतं जहाज बंदरात लागलं आणि कोणतं सुटलं एवढंच असायचं, त्यात बुद्धीचं काही नसे. आपले लोक इथं हुशार निघाले. त्यांनी भाषांतर करताना 'बुद्धी'ला हातच लावला नाही, 'गुप्तवार्ता' म्हटलं. राज्याच्या खात्याचं नाव राज्य गुप्तवार्ता विभाग असंच आहे. आणि त्याच्याही आधीपासून आपल्याकडे हेर, खबऱ्या, हरकारा असे शब्द होतेच. बहिर्जी नाईक शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख होते. त्यांना कोणी 'महाराजांचे बुद्धिमत्ता अधिकारी' म्हणत नाही. (यंत्राने केलेल्या भाषांतरात 'बुद्धिमत्ता अधिकारी' मी वाचलेलं आहे. चहा सांडला होता.)

देशाच्या इंटेलिजन्स ब्युरोची मुळं १८८७ सालापर्यंत जातात. परदेशातल्या कामासाठी १९६८ साली निघालेल्या 'रॉ'च्या नावात मात्र हा शब्दच नाही, तिथं आहे रिसर्च आणि ॲनालिसिस. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं, कारण काम तेच असतं. दहा जणांनी दहा गोष्टी सांगायच्या, त्यातली अफवा कोणती, वैर काढण्यासाठी केलेली चुगली कोणती आणि खरी खबर कोणती हे वेगळं काढायचं. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा व्यापारी पहाटे हेच करतो. आज किती गाड्या आल्या, आंबिया बहाराचा माल किती दिवस पुरेल, दिल्लीकडे उचल आहे की नाही. कंपन्यांत याला 'मार्केट इंटेलिजन्स' म्हणून पगार देतात. तेव्हा तुमच्या यजमानांची बदली इंटेलिजन्सला झाली याचा अर्थ सरकारने त्यांचं डोकं मोजून पाहिलं असा होत नाही. बदली झाली, एवढंच. उद्या ट्रॅफिकला झाली तर भाऊजी काय म्हणतील?

पुतण्याचा शब्द फार तरुण आहे आणि त्याचं बारसं कुठं झालं तेही ठाऊक आहे. १९५५ साली जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अमेरिकेत एका संशोधनासाठी पैसे मागणारा प्रस्ताव लिहिला. पुढच्या उन्हाळ्यात दहा माणसांनी डार्टमथ कॉलेजात दोन महिने बसायचं आणि यंत्राला माणसासारखं शिकवता, विचार करवता येतं का ते पाहायचं, असा बेत. त्या प्रस्तावाच्या शीर्षकात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे शब्द आले आणि चिकटले. म्हणजे हा शब्द आधी एका आशेचं नाव होता. त्याच्या पाच वर्षं आधी ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने "यंत्र विचार करू शकतं का" हा प्रश्न भोंगळ आहे म्हणून बाजूला ठेवला होता. त्याऐवजी पडद्याआडून लेखी गप्पा मारल्या तर समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता येतं का, एवढं विचारा, असं तो म्हणाला.

या प्रकरणात मराठीची जरा पंचाईत झाली. १९९७ साली डीप ब्लू नावाच्या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवलं. इंग्रजीत तो फक्त चेसमधला पराभव होता. आपण त्या खेळाला बुद्धिबळ म्हणतो. बुद्धीच्या बळावर यंत्र जिंकलं तर मग बुद्धी कोणाची म्हणायची? पण खेळ काही थांबला नाही. २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून, आणि ग्रँडमास्टर झाली. तेव्हा खिशातल्या फोनमधला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम कोणत्याही ग्रँडमास्टरला सहज हरवत होताच. तरी विमानतळावर हार घेऊन कोणी फोनचं स्वागत करायला गेलं नाही.

पुतण्याला हे जरूर सांगा, पण एक गोष्ट त्यालाच विचारा. संगणकाला बुद्धिबळ जमलं, हिशेब जमले, निबंधही जमायला लागला, मग यंत्रमानवाला मऊ कापड हाताळणं इतकं जड का जातं? हान्स मोराव्हेक नावाच्या संशोधकाने १९८८ सालीच हे नोंदवून ठेवलंय: आपल्याला जे अवघड वाटतं ते यंत्राला सोपं जातं, आणि वर्षभराच्या पोराला जे न शिकवता येतं त्यात यंत्राची दमछाक होते. लोखंडी पट्टी कशीही धरा, तिचा आकार तोच. कापड धरलं की लोंबतं, सरकतं, ओढलं की ताणतं. तुम्ही रेशमी पीसला हात लावताच ते किती सरकेल याचा अंदाज बोटांना येतो. त्या अंदाजाला नाव नाही, म्हणून त्याला मार्कही नाहीत.

आणि आता मुलाचा पेपर. इथं मला जरा जास्त वेळ थांबू द्या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही इथं सांगून टाकली आहे आणि तुम्हाला ती दिसलेली नाही.

बुद्धी मोजण्याचा खटाटोप पॅरिसमध्ये सुरू झाला. फ्रान्समध्ये सगळ्या मुलांना शाळा सक्तीची झाली होती आणि काही मुलं वर्गात मागे पडत होती. त्यांना कसं ओळखायचं हे ठरवायला सरकारने १९०४ साली एक समिती नेमली. आल्फ्रेड बिने यांनी सहकारी थिओडोर सिमॉन यांच्यासोबत पुढच्या वर्षी तीस छोट्या कामांची एक यादी केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी: पेटत्या काडीकडे नजर फिरते का, सांगितलेले आकडे परत म्हणता येतात का, दोन शब्दांतला फरक सांगता येतो का. हेतू एकच, कोणत्या मुलाला जादा मदत हवी ते कळावं. बुद्धी ही जन्मभर तेवढीच राहणारी वस्तू आहे असं मानणाऱ्यांवर बिने चिडायचे. त्यांच्या मते ती सरावाने वाढवता येते. १९११ साली ते वारले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना काढली आणि त्यातून आपला बुद्ध्यांक जन्माला आला. दहा वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलाइतकी कामं करत असेल तर आठ भागिले दहा, गुणिले शंभर, म्हणजे ऐंशी. आता असा भागाकार करत नाहीत. त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना करतात, मधोमध शंभर मानतात, आणि साधारण दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेंची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून दिली, तिला आजही बिने-कामत चाचणी म्हणतात.

मदत कोणाला हवी हे शोधायला निघालेलं मोजमाप, पुढे कोणाला वर बसवायचं आणि कोणाला खाली हे ठरवायला वापरलं गेलं. यात दोष बिनेंचा नाही. मीही तेच केलंय.

सत्तावीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. प्रगतिपुस्तकात शेऱ्याची एक ओळ असायची आणि वर्गात साठ मुलं. माझ्याकडे चार शेरे होते: हुशार, बरा, अभ्यास वाढवावा, आणि हुशार पण आळशी. एकदा एका मुलाची आई दोन वर्षांची पुस्तकं घेऊन आली. गेल्या वर्षी मी 'हुशार' लिहिलं होतं, त्या वर्षी 'अभ्यास वाढवावा'. ती म्हणाली, "बाई, वर्षभरात याचं काय झालं ते सांगा नं. घरी तर तसाच आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग लक्षात आलं की उंची वाढली म्हणून त्याला मीच मागच्या बाकावर बसवलं होतं. त्याला फळा दिसत नव्हता. चष्मा लागला आणि 'बुद्धी' परत आली. तो शेरा मी खोडला नाही, खोडायची पद्धत नव्हती. अजून कुठंतरी माळ्यावर ते पुस्तक असेल, माझ्या अक्षरात. म्हणून म्हणते, साडेचार हजारांतले थोडे खर्चायचेच असतील तर मुलाचे डोळे तपासून घ्या. वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील, वाचनात तो सारखा अडत असेल, तर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा एखाद्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे दाखवा. तो लर्निंग डिसॅबिलिटीचा प्रकार असू शकतो आणि त्याचा बुद्धी कमी असण्याशी संबंध नसतो. पत्रावरून तरी तसं काही वाटत नाही.

शिष्यवृत्तीतली 'बुद्धिमत्ता चाचणी' ही बुद्ध्यांकाची चाचणी नाही. नाव मोठं आहे, प्रश्न ठरावीक साच्याचे आहेत: संख्यामालिका, गटात न बसणारा शब्द, आरशातली प्रतिमा, घडीचा कागद. सरावाने जमतात. पोलीसभरतीच्या पुस्तकातही हेच प्रश्न असतात, यजमानांनी कधीकाळी सोडवले असतील. आता त्यांना घडीच्या कागदाचा एक प्रश्न द्या आणि बघा.

कारण घडीचा कागद हा तुमचा प्रांत आहे. ऐंशी सेंटीमीटरचं पीस, त्यात काठ बाहीला आला पाहिजे, मागचा गळा खोल हवा, मुंढा अर्धा सेंटीमीटर चुकला तर हात वर होत नाही, गळ्याच्या पट्टीला कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापायचं, आणि हे सगळं घडीवर कापायचं, उघडल्यावर दोन्ही बाजू सारख्या निघतील या भरवशावर. सपाट तुकड्यातून गोल शरीर बसवायचं. कात्री लागण्याआधी अख्खा ब्लाउज तुम्हाला डोळ्यांसमोर दिसलेला असतो, उलटा, सुलटा, शिवण आत वळवलेला. चाचणीवाले याच कसबाला आकारांची बुद्धी म्हणतात आणि ते तपासायला कागदावर चौकोन काढून त्याला भोकं पाडतात. तुम्ही मुलाला ते कापड हातात देऊन शिकवलंत. गाईड, ट्यूशन आणि ठसेवाले तिघांना जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं, आणि मग तुम्ही मला विचारता की तो माझ्यासारखा राहील का.

तुमच्या मूळ प्रश्नाला मी बगल देत नाही. इंटेलिजन्स म्हणजे काय? लॅटिनमधल्या ज्या क्रियापदापासून हा शब्द आला त्यात 'यातून आणि त्यातून निवडणं' असा अर्थ दडलाय. तांदूळ निवडतो तसं. आपल्या 'बुद्धी'चा धातू बुध्, म्हणजे जागं होणं, कळणं. 'हुशार' फारसीतून आला, त्यात होश आहे, शुद्धीवर असणं. गंमत बघा, दोन्ही शब्दांच्या मुळाशी जाग आहे. म्हणून तर तापातून उठलेल्या माणसाला आपण विचारतो, "आज जरा हुशारी वाटते का?" तिथं मार्कांचा काही विषय नसतो. 'अक्कल' अरबीतून आली आणि मराठीत तिने मोठा संसार थाटला: अक्कलदाढ, अक्कलहुशारी, अक्कलखाती जमा. फसवणूक झाली की पैसे अक्कलखाती टाकतात, म्हणजे अक्कल ही ठेच लागून येणारी गोष्ट आहे, जन्माबरोबर मिळणारी नाही, असं आपली भाषाच म्हणते. अमरकोशात बुद्धीसाठी एका दमात चौदा शब्द दिले आहेत आणि लगेच पुढे वेगळं सांगितलंय की धरून ठेवणारी जी बुद्धी ती मेधा. पाठांतर वेगळं, समज वेगळी, हे त्यांनाही माहीत होतं.

आणि 'देव त्याला बुद्धी देवो' म्हणतो तेव्हा आपण काय मागतो? बुद्ध्यांक वाढावा असं? दारूच्या गुत्त्यावरून घराकडे वळावा, भावाशी भांडण मिटवावं, हे मागतो. दुर्बुद्धी तर हुशार माणसालाच जास्त सुचते. दीक्षाभूमीवर प्रज्ञा हा शब्द एकटा येत नाही, प्रज्ञा, शील, करुणा असा येतो. बाबासाहेबांनी १९५६ च्या मे महिन्यात बीबीसीवरच्या भाषणात आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो ते सांगितलं, त्यातही प्रज्ञा, करुणा आणि समता ही तिन्ही एकत्र होती, आणि प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेच्या उलट असलेली समज. ठसेवाल्यांना दारातून परत पाठवणं या व्याख्येत अगदी चपखल बसतं.

एका शब्दापासून मात्र सावध राहा, तो म्हणजे 'समजूतदार'. हल्ली ऑफिसांतून इमोशनल इंटेलिजन्सची शिबिरं असतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० साली ही कल्पना मांडली, १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागता येणं, असा तिचा साधारण अर्थ. आपल्याकडे हे काम सुनेकडे बिनपगारी असतं. 'सून समजूतदार आहे' याचा अर्थ पुष्कळ घरांत 'ती उलट बोलत नाही' इतकाच असतो. त्या दिवशी सगळ्यांबरोबर तुम्हीही हसलात, ते या समजूतदारपणानेच. एवढी समज पुरे.

तेव्हा असं करा. भाऊजींचं राहू द्या, आधी यजमानांशी बोला, मुलगा झोपल्यावर. शब्दाचे अर्थ वगैरे काही नको. "तुम्ही हसलात ते मला लागलं" एवढंच. त्यांनी "मजाक होती" म्हटलं तर "मला नाही वाटली" म्हणा आणि थांबा. ज्या माणसाचं काम दुसऱ्याच्या मनातलं काढणं आहे, त्याला बायकोच्या मनातलं सांगावं लागतं, याची त्यांनाच थोडी लाज वाटू द्या. भाऊजींना उत्तर द्यायचंच असेल तर ते त्यांच्या पोळ्याच्या विनोदाला साजेसं हवं. पुढच्या वेळी सगळे बसलेले असताना विचारा, "भाऊजी, अतिशहाण्याचा बैल रिकामा का राहतो, सांगा नं." आवाज न चढवता, पोहे वाढता वाढता. मग तर्रीचं भांडं पुढे करा.

बी.ए. पुरं करायचं मनात असेल तर मुक्त विद्यापीठाची सोय आहे, नागपुरातही केंद्रं आहेत. पण ते तुम्हाला वाचायला आवडतं म्हणून करा. भाऊजींना दाखवायला तीन वर्षं फी भरण्याइतके ते महत्त्वाचे नाहीत. आणि ब्लाउजची शिलाई किती घेता ते पत्रात नाही, पण माझा अंदाज आहे की कमी घेता.

राहिला फोटोतला प्रश्न. चौकोनी कागद आधी उभा मधोमध दुमडला, मग आडवा, आणि त्यावर एक भोक पाडलं, उघडल्यावर किती भोकं दिसतील? मी वहीचं पान घेऊन बसले. दोन घड्या म्हणजे चार थर. भोक घडीच्या काठावर असतं तर दोन दिसली असती, दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यावर असतं तर एकच. गाईडवाल्यांनी बहुधा काठावरच्या भोकाचं उत्तर इथं छापलं. तुमच्या चित्रात भोक दोन्ही घड्यांपासून चांगलं आत आहे. चार थर, चार भोकं. गाईडमधले दोन खोडा, पेनने, आणि मुलाला चार लिहायला सांगा.